दोन पांढऱ्या रेघांमधलं चालणं

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, किती वाजले हे मला विचारू नका. ते मला आयुष्यात कधी कळलं नाही. सकाळ आहे की दुपार, गुरुवार आहे की शुक्रवार, यातलं काही मला आपण होऊन सांगता येत नाही; वार आणि सालं मी लोकांच्या तोंडून ऐकलेली सांगतो. एखाद्याला किती वेळ लागला एवढंच मी सांगतो, पण ते सांगताना सेकंदाचे पाच तुकडे करून सांगतो. मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. छत्रपती संभाजीनगरातल्या एका मोठ्या रुग्णालयात, फिजिओथेरपी विभागातल्या काचेच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर माझा मुक्काम असतो. शेजारी एक गंजकी कात्री आहे आणि एक रबरी चेंडू आहे. चेंडूतली हवा गेलेली आहे, त्यामुळे तो फारसा बोलत नाही. माझ्या काचेवर डाव्या बाजूला एक बारीक तडा आहे. तो कसा पडला ते पुढं येईलच.

माझा जन्म फार दूरच्या, थंडीच्या देशात झाला. पितळेची चाकं, केसाएवढी बारीक कमान, पांढरीशुभ्र तबकडी आणि वर एक गुंडी. गुंडी फिरवली की चावी भरते. एकदा दाबली की मी पळतो, दुसऱ्यांदा दाबली की थांबतो, तिसऱ्यांदा दाबली की काटा शून्यावर येतो. बस, एवढंच माझं शिक्षण. आगबोटीनं मी मुंबईला आलो, मनमाडला गाडी बदलली आणि छोट्या रुळावरच्या गाडीतून या शहरात उतरलो. तेव्हा पत्त्यावर औरंगाबाद लिहीत. पोलीस ॲक्शन होऊन, म्हणजे निजामाचं राज्य जाऊन, बारा-तेरा वर्षं झाली होती. म्हातारी माणसं अजून प्रत्येक गोष्ट ‘ॲक्शनच्या आधी’ आणि ‘ॲक्शननंतर’ अशीच सांगत.

मला एका शाळेनं मागवलं होतं. तिथले कवायतीचे शिक्षक व्यंकटराव सर मला काळ्या दोरीत ओवून गळ्यात घालत. त्यांचं स्वतःचं शिक्षण निजामाच्या राज्यात झालेलं. त्यामुळे शर्यत सुरू करताना ते मराठीत ‘तयार’ म्हणायचं सोडून खणखणीत आवाजात ‘होशियार!’ म्हणत आणि लगेच माझी गुंडी दाबत. वीस वर्षं मी मुलांच्या शर्यती मोजल्या. शंभर मीटरला चौदा सेकंद लावणाऱ्याला सर म्हणत, “बैल बरा पळतो.” मलाही तसंच वाटे. खरं सांगायचं तर मी फार तोऱ्यात असायचो. जो वेगात पळतो तोच माझा, बाकीच्यांसाठी माझा काटा झिजवायचा कशाला, अशी माझी समजूत होती. एका मुलानं बारा सेकंद आणि दोन पंचमांशात शर्यत मारली, तेव्हा तर ती शर्यत मीच जिंकली असं मला वाटलं.

सर निवृत्त झाले तेव्हा शाळेनं मला त्यांनाच भेट दिलं. दोन वर्षं मी त्यांच्या खुंटीवर लटकलो. मग एके दिवशी सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. त्यांना या रुग्णालयात आणलं. गळ्यात दोरी नाही म्हणून ते अस्वस्थ झाले, तेव्हा घरच्यांनी मला आणून त्यांच्या गळ्यात घातलं. असा मी इथं आलो, पेशंटच्या गळ्यातून.

इथं मला भानुमतीबाई भेटल्या. त्या फिजिओथेरपीच्या विभागात होत्या. पेशंट त्या विभागाला ‘कसरतीची खोली’ म्हणत. बाई उंच, चालणं झपझप, हातात कायम एक निळी नोंदवही. त्यांच्या डोक्यात एक प्रश्न होता. ऑपरेशन झाल्यावर किंवा झटका आल्यावर माणूस पुन्हा चालायला लागतो, पण कशानं लवकर चालायला लागतो? खाटेवर पडून पाय वर-खाली करण्यानं, की घरातली नेहमीची कामं हळूहळू करायला लावण्यानं? पुस्तकांत पहिली पद्धत होती. बाईंना दुसरीवर विश्वास होता. त्यांनी सुताराकडून एक लाकडी उंबरा करून घेतला होता. बसायला बुटका पाट होता. एक पितळी कळशी होती, ती आधी रिकामी, मग पाव भरलेली, मग अर्धी भरलेली उचलून चालायची. बाईंनी पेशंटचे दोन गट केले होते, एक खाटेवरच्या व्यायामाचा आणि दुसरा कळशीचा. दर आठवड्याला प्रत्येकाला व्हरांड्यात दहा मीटर चालायला लावायचं आणि वेळ लिहायची. व्हरांड्याच्या फरशीवर त्यासाठी दोन पांढऱ्या रेघा मारल्या होत्या. पहिल्या रेघेशी उभं राहायचं, दुसरी ओलांडायची. मधे भिंतीला लागून एक लांब बाक होता. त्यावर पेशंटची माणसं बसत.

व्यंकटराव सरांनी बाईंच्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. त्यांची जीभ तेव्हा जड होती, तरी ते म्हणाले, “जन्मभर दुसऱ्यांची वेळ घेतली. आता माझी घ्या. याच्यावर घ्या.” आणि डाव्या हातानं त्यांनी मला पुढं केलं.

मित्रांनो, त्या दिवशी मला फार लाज वाटली. सर पहिल्या रेघेवरून निघाले. काठी पुढं, डावा पाय पुढं, मग उजवा पाय फरफटत. माझा मोठा काटा एकदा पूर्ण फिरला. दुसऱ्यांदा फिरू लागला. एक मिनिट बावन्न सेकंद! दहा मीटरला! मला वाटलं, माझी चाकंच बंद पडावीत. सर मात्र दुसऱ्या रेघेवर उभे राहून घामेजल्या चेहऱ्यानं हसत होते. पुढच्या आठवड्यात एक मिनिट एकतीस. त्यांनी सगळ्या व्हरांड्याला ते दोनदा ऐकवलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात एक मिनिट चार. बारा सेकंदवाल्या मुलाचं कौतुक त्यांनी केलं होतं त्याच्या दुप्पट कौतुक त्यांनी स्वतःचं केलं. हळूहळू माझ्याही लक्षात आलं की इथल्या शर्यतीत शेजारी कोणी पळत नाही, गेल्या आठवड्यातला आपणच तेवढा पळत असतो.

घरी जाताना सरांनी मला भानुमतीबाईंच्या गळ्यात घातलं. शाळेत याचं काम संपलं, इथल्या शर्यती जास्त अवघड आहेत, असं ते म्हणाले आणि काठी टेकत गेले.

मग सुरू झाली माझी खरी नोकरी. बाई प्रत्येक पेशंटला एकच वाक्य सांगत, “नेहमी चालता तसं चाला.” वेग मोजायचा तर माणसानं उगाच धावू नये आणि उगाच रेंगाळू नये, म्हणून हे वाक्य. सुरुवातीला गंमत झाली. खुलताबादचा रामकिसन नावाचा टांगेवाला, त्याच्या घोट्याचं ऑपरेशन झालेलं. तो नेहमी चालतो तसाच चालला, म्हणजे बाकावरच्या प्रत्येकाला राम राम घालत, कोणत्या गावचे म्हणून विचारत. सिल्लोडचा एक माणूस भेटला तर तिथंच उभं राहून मक्याचा भाव विचारला. मी आपला पळतोय, पळतोय! तीन मिनिटं अकरा सेकंद! तेव्हापासून बाईंनी नियम केला की दोन रेघांमधे कोणाशी बोलायचं नाही. आता मोजणीत काही खोट राहिली नाही, असं त्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं.

त्याच सुमारास, शहाऐंशी सालच्या कापसाच्या दिवसांत, शेंद्र्याहून चतुराबाई आली. तेव्हा शेंद्र्यात कारखाने नव्हते, नुसती शेतं होती. चतुराबाई चाळिशीची, काटक, बोलकी बाई. कडब्याच्या गंजीवरून पडून तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन करून आत सळई घातली होती. तिचा नवरा बद्रीनाथ घरी थांबला होता, कारण कापूस वेचायला आला होता आणि शिवाय म्हैस होती. ही म्हैस चतुराबाईशिवाय कोणाला धार काढू देत नसे. तिनं बद्रीनाथला दोनदा लाथ मारली होती. चतुराबाई हे सांगताना इतकी खुश दिसे की त्या लाथांची ती थोडी वाटच पाहत होती की काय, असं वाटे.

म्हणून रुग्णालयात तिच्यासोबत राहायला तिचे सासरे आले होते, पुंजारामबाबा. सत्तरी ओलांडलेला म्हातारा, डोक्याला गुलाबी पटका, बोलणं मोजकं. सासू केव्हाच वारली होती. वॉर्डातल्या आशाबाई मावशी म्हणत की सुनेसाठी इतकं करणारा सासरा आपण पाहिला नाही. सकाळी तो तिच्यासाठी दूध आणी, दुपारी डबा गरम करून घेई, आणि तिची चालायची वेळ झाली की सगळ्यांच्या आधी येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसे. तिचं चालणं त्याला चुकवायचं नसे.

चतुराबाई कळशीच्या गटात होती. खोलीत तिचं सगळं झकास चाले. उंबरा ओलांडी, पाटावरून उठे, अर्धी कळशी घेऊन फिरे. पण व्हरांड्यात दोन रेघांमधे आली की घोटाळा होई. पहिल्या आठवड्यात पंचेचाळीस सेकंद. दुसऱ्या आठवड्यात त्रेचाळीस. तिसऱ्या आठवड्यात चव्वेचाळीस. बाकीचे पेशंट पंधरा-वीस सेकंदांवर येऊन घरी गेले आणि ही आपली तिथंच. बाई विचारत, दुखतं का? ती म्हणे, नाय. चक्कर येते का? नाय. मग काय होतं? ती खाली बघून म्हणे, व्हईल हळूहळू.

ऑपरेशन केलेले मोठे डॉक्टर रागीट नव्हते, पण घाईतले होते. त्यांनी नोंदवही पाहिली, क्ष-किरणाचा फोटो उजेडाकडं धरला. हाड तर जुळलेलं दिसत होतं. मग बाई चालत का नाही? सळईनं आत काहीतरी धरलं असणार, असं त्यांचं मत पडलं. पुढच्या सोमवारपर्यंत बघू, नाहीतर मंगळवारी पुन्हा उघडू, असं सांगून ते गेले. पुन्हा उघडायचं म्हणजे पुन्हा टाके, पुन्हा दोन महिने खाट. चतुराबाईनं ते ऐकलं आणि पदराचं टोक तोंडात धरून बसून राहिली. पुंजारामबाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

सोमवार जवळ आला म्हणून बाई आता रोज मोजू लागल्या, आणि दुसऱ्याच दिवशी एक नवल झालं. चतुराबाई चालली आणि मी सोळा सेकंद दाखवले. बाईंनी डोळे बारीक करून माझ्याकडं पाहिलं. लगेच पुन्हा मोजायला नको, ती दमली असेल, म्हणून त्या थांबल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. बेचाळीस! एका दिवसात सोळाचे बेचाळीस कसे होतील? बाईंनी मला हलवलं, कानाशी धरलं, तळहातावर आपटलं. शेवटी मी त्यांच्या हातून निसटून फरशीवर पडलो. काचेवरचा तडा तो हा असा. पण मित्रांनो, तड्याचं मला दुःख नाही. बाई पुटपुटल्या की हे घड्याळच बिघडलंय, त्याचं मला फार लागलं. वीस वर्षं शाळेत आणि तीन वर्षं इथं मी पाव सेकंदाचाही घोळ केला नव्हता.

संध्याकाळी बाई मला सिटी चौकात खलीलमियाँच्या दुकानात घेऊन गेल्या. खलीलमियाँ म्हणजे डोळ्याला भिंग लावून जन्मलेला माणूस. त्यांनी माझं पाठीमागचं झाकण उघडलं, चाकं पाहिली, फुंकर मारली. मग दुकानातल्या मोठ्या लंबकाच्या घड्याळाशेजारी मला ठेवून अर्धा तास पळवलं. तेवढा वेळ त्यांनी बाईंना चहा पाजला. अर्ध्या तासानं आम्ही दोन्ही घड्याळं बरोबर एकाच ठिकाणी होतो.

“बाई, इसमें कुछ बी खराबी नै,” खलीलमियाँ झाकण बसवत म्हणाले. “इसने जो देखा वोइच बोला. तुम घडी को देखना छोडो, चलनेवाले को देखो.”

तिथं मला पहिल्यांदा जाणवलं की बाई पेशंटचं चालणं कधी पाहतच नव्हत्या. पाय पहिल्या रेघेवरून सुटला की त्या माझ्या काट्याकडं बघत आणि पाय दुसऱ्या रेघेपाशी आला की पुन्हा रेघेकडं. मधला दहा मीटरचा माणूस त्यांना दिसतच नव्हता. आणि पळताना मी तरी कुठं बघत होतो? मला फक्त सेकंद कळतात. मी खोटं कधीच बोललो नाही, पण सगळं खरंही माझ्याकडं नव्हतं.

शनिवारी बाईंनी मला आशाबाई मावशींच्या हातात दिलं आणि गुंडी कशी दाबायची ते शिकवलं. स्वतः त्या व्हरांड्याच्या एका खांबाशी उभ्या राहिल्या. “नेहमी चालता तसं चाला,” त्या म्हणाल्या.

चतुराबाई निघाली. पहिली चार पावलं छान, सरळ. मग बाक जवळ आला. बाकावर पुंजारामबाबा बसले होते. चतुराबाईनं एका हातात काठी ठेवून दुसऱ्या हातानं पदर कपाळाखाली ओढला. मान खाली घातली. बाकाच्या समोरच्या भिंतीला अंग चोरून लागली आणि काठीचा आवाजही होऊ नये अशा बेतानं एक-एक पाऊल सरकू लागली. बाबांनी तंबाखू मळायला मान वळवली तेव्हा ती पटकन दोन पावलं पुढं गेली. त्यांनी वर पाहिलं, ती पुन्हा आखडली. बाक मागं पडला तसा पदर वर गेला आणि शेवटची चार पावलं पुन्हा सरळ. त्रेचाळीस सेकंद. त्या सोळा सेकंदांच्या दिवशी पुंजारामबाबा तंबाखू आणायला बाहेर गेले होते, हे आशाबाई मावशींना आता आठवलं.

बाईंनी चतुराबाईला बाजूला घेऊन विचारलं, “मधेच पाय का आखडता?”

“मामंजी बसलेत ना तिथं.”

“मग?”

“मग काय? सासऱ्याच्या पुढून धपाधपा चालायचं व्हय?” चतुराबाईला बाईंच्या अडाणीपणाचं नवल वाटलं. “तुम्हीच म्हनल्या, नेहमी चालता तसं चाला. मी पंचवीस वर्सं तशीच चालते.”

भानुमतीबाई पाटावर बसून हसत सुटल्या, इतक्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग डोळे पुसताना त्यांचं लक्ष स्वतःच्या बांगड्यांकडं गेलं. त्यांनाही सासर होतं. तिथं सासऱ्यांच्या खोलीवरून जाताना आपण बांगड्या कशा वर सारत होतो, हे त्यांना आठवलं असणार. नोंदवहीत सगळं होतं, वय, वजन, हाड, सळई, गट. बाकावर कोण बसलंय याला तिथं रकानाच नव्हता.

त्यांनी धावत जाऊन मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले की कारणं मला नकोत, सोमवारी मी स्वतः उभा राहून बघतो.

आता उपाय सोपा होता. बाबांना बाहेर बसवायचं. पण ते त्यांना सांगणं सोपं नव्हतं. बाईंनी जमेल तितक्या मऊ शब्दांत सांगितलं. पुंजारामबाबांनी पटक्याचं टोक चाचपलं.

“ती चालावी म्हनून मी बसतो इथं,” ते म्हणाले. “अन् मह्यामुळंच अडली व्हय?”

बाबा उठले आणि बाहेरच्या निंबाखाली जाऊन बसले. रविवारचा दिवसभर ते तिथंच होते.

सोमवारी मोठे डॉक्टर आले. व्हरांडा मोकळा होता. चतुराबाई पहिल्या रेघेशी उभी राहिली. बाईंनी सांगितलं, चाला. ती हलेना. तिची नजर रिकाम्या बाकावर होती. मामंजी कुठं गेले, असं तिनं विचारलं. बाहेर बसलेत, बाईंनी सांगितलं. माझ्यापायी त्यांना उठवलं का, रागावले का, जेवले का, असं विचारत तिनं काठी दोन्ही हातांनी धरली आणि तिथंच उभी राहिली. म्हाताऱ्या माणसाला बाहेर घालवून आपण आत चालायचं, हे काही तिच्या पायांना मान्य नव्हतं. डॉक्टरांनी मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं. मंगळवारच्या ऑपरेशनची यादी त्यांच्या खिशातच होती. माझी चावी पूर्ण भरलेली होती आणि मला पळताच येत नव्हतं. इतकं असहाय मला कधी वाटलं नाही.

आशाबाई मावशी बाहेर जाऊन बाबांना घेऊन आल्या. बाबांनी दारातून एकदा सगळं पाहिलं, सून, डॉक्टर, यादी, रेघा. कोणी काही सांगायच्या आत ते आपल्या बाकावर गेले आणि बाकावर उलटे बसले. पाठ व्हरांड्याकडं, तोंड भिंतीकडं, नाक चुन्याला लागेल इतकं जवळ.

“सूनबाई,” ते भिंतीला म्हणाले, “मह्यं तोंड भितीकडं हाय. तू बिनघोर चाल. मी आवाज ऐकतो.”

भानुमतीबाईंनी गळ्यातून मला काढलं आणि बाबांच्या मुठीत ठेवलं. आपण ‘चाला’ म्हटलं की दाबायचं, ‘हं’ म्हटलं की पुन्हा दाबायचं, असं त्यांनी सांगितलं. बाबांचा अंगठा खडबडीत होता. त्यांनी मला कानाशी धरलं.

चाला! अंगठा दाबला गेला. मी पळालो.

मित्रांनो, बाबांना जे दिसत नव्हतं ते मलाही दिसत नव्हतं. आम्ही दोघं फक्त ऐकत होतो. काठी, पाऊल, पाऊल. काठी, पाऊल, पाऊल. आवाज जवळ आला. पंचवीस वर्षांत जो आवाज त्या म्हाताऱ्यानं कधी ऐकला नव्हता तो, सुनेच्या पावलांचा मोकळा आवाज, अगदी पाठीमागून गेला. थांबला नाही, दबला नाही. पुढं गेला. माझा काटा चौदावर होता. बाई म्हणाल्या, “हं.”

अंगठा हलला नाही.

पंधरा, सोळा, सतरा. बाई पुन्हा म्हणाल्या, “हं, बाबा!” काठी अजून वाजत होती. दुसरी रेघ मागं टाकून चतुराबाई तशीच पुढं चालली होती. दाराकडं, उजेडाकडं. वीस. पंचवीस.

“थांबली का ती?” बाबांनी विचारलं.

“नाही थांबली,” बाई म्हणाल्या. “दारापर्यंत पोचली.”

“मग मी कामून दाबू?”

आणि त्यांनी मला दाबलं नाही. माझ्या आयुष्यात एवढंच एक चालणं असं आहे की ज्याला शेवटचा आकडा नाही. मोठ्या डॉक्टरांनी खिशातून यादी काढली, एका नावावर रेघ मारली आणि बाबांच्या पाठीवर हात ठेवून पुढच्या वॉर्डात गेले. निळ्या नोंदवहीत बाईंनी त्या दिवशी लिहिलं, ‘वेळ: घेता आली नाही.’ चतुराबाई गुरुवारी शेंद्र्याला गेली. म्हशीनं तिला ओळखलं, असा निरोप नंतर आला.

बाईंनी पुढं तो अभ्यास पूर्ण केला. कळशीच्या गटातले पेशंट सरासरीनं नऊ दिवस आधी घरी गेले होते. अहवालाच्या शेवटी त्यांनी एक पान जास्तीचं जोडलं. माणसाचा वेग मोजण्याआधी तो कोणासमोर चालतोय हे विचारावं आणि प्रत्येकाला दोनदा मोजावं, एकदा घरच्या माणसांसमोर, एकदा एकट्याला, असं त्यात लिहिलं. पुण्याच्या एका सभेत ते वाचताना मी त्यांच्या गळ्यात होतो. लोक हसले, मग लिहून घेऊ लागले.

पुढं जे सगळ्यांचं होतं तेच माझं झालं. आकडे दाखवणारी, पीं-पीं करणारी घड्याळं आली. बाई निवृत्त झाल्या. मला कपाटात ठेवलं. चावी न भरता मी किती वर्षं पडून होतो ते विचारू नका, सांगितलं ना, मला तारखा कळत नाहीत. तेल सुकलं. काटा चौदावर अडकून राहिला होता, हे मात्र खरं. त्याचा मला राग नव्हता. अडकायचंच तर त्याहून चांगली जागा नव्हती.

एक दिवस व्हरांड्यात ओळखीची काठी वाजली. सत्तरीला टेकलेली चतुराबाई आपल्या सुनेला घेऊन आली होती. सून शेंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला होती. स्कूटी घसरून तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. विभागातली तरुण फिजिओथेरपिस्ट तिची वेळ घ्यायला निघाली तर पीं-पीं घड्याळाचा सेल संपलेला. ती मोबाईल काढणार तोच चतुराबाई म्हणाली, “ती टिकटिकनारी घडी हाय का अजून? ती द्या मह्याकडं.”

कपाट उघडलं. तिनं माझी चावी भरली, हळू, बेतानं. मी खरखरलो आणि पळू लागलो. तेव्हाचा आनंद मला पंचमांशातही सांगता येणार नाही.

आणि मग, मित्रांनो, चतुराबाई त्याच बाकावर जाऊन बसली. उलटी. तोंड भिंतीकडं. कोणी सांगितलं नव्हतं.

तिची सून पहिल्या रेघेवर उभी होती. ती हसली आणि म्हणाली, “आई, तिकडं काय बघता? इकडं बघा की. मी चालू राहिले, ते तुम्ही नाय बघनार तर कोन बघनार?”

चतुराबाई बाकावर सावकाश वळली. सून चालली, लंगडत, हसत, थेट तिच्या डोळ्यांत बघत. चतुराबाईनं तिला पहिल्या रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत पाहिलं. म्हाताऱ्या पुंजारामबाबांनी भिंतीकडं तोंड करून जे नुसतं ऐकलं होतं, ते तिनं पाहिलं, त्यांच्या वाटचंसुद्धा. रेघ ओलांडताच तिनं बरोबर मला थांबवलं. तेरा सेकंद आणि तीन पंचमांश.

आता मला आठवड्यातून एकदा चावी मिळते. ती तरुण मुलगी देते. तुमच्या घरातही एखादं जुनं चावीचं घड्याळ असेल तर त्याला अधूनमधून फिरवत जा, आम्ही वापराविना आखडतो. आणि तुमच्या घरात कोणी आजारातून उठून हळूहळू चालत असेल, तर त्याचे सेकंद मोजायची घाई करू नका. आकडा काढायला मी आहे, पण माझ्या आकड्यात माणूस दिसत नाही. तुम्हाला दिसतो. म्हणून मान वर करा, बाक रिकामा असेल तर त्यावर बसा, आणि त्यांना चालताना बघा.